सैनिकांच्या रोजनिश्या आणि चित्रे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना या चुका टाळा : पॅराग्वे युद्धाच्या निमित्ताने

कांदिदो लोपेस या अर्जेंटिनी चित्रकाराच्या एका चित्राच्या नावातच २० सप्टेंबर १८६६ ही तारीख आहे. नदीच्या वरच्या अंगाने दिसणारी कुरुसूची छावणी हा त्याचा विषय. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात हे चित्र मी ‘रणभूमीवर, जागेवरच काढलेले’ म्हणून पडद्यावर दाखवले, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, “सर, खालच्या माहितीत १८९१ लिहिलंय ना?” नावातली तारीख प्रसंगाची होती, खालचे साल चित्राचे होते, आणि मधली पंचवीस वर्षे मी एका वाक्यात गिळून टाकली होती. पुढे इतरांचे लेख तपासताना हीच चूक निरनिराळ्या वेषांत भेटत राहिली, आणि तिच्या जोडीला आणखीही काही चुका भेटल्या.

१८६४ ते १८७० या काळात एका बाजूला पॅराग्वे आणि दुसऱ्या बाजूला ब्राझील, अर्जेंटिना व उरुग्वे अशी जी लढाई झाली, तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. मात्र लढणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने केलेली नोंद कशी वाचावी आणि कशी वाचू नये, हे शिकायला हे युद्ध फार उपयोगी आहे, कारण येथे रोजनिशी, पत्रे, आठवणी, रेखाटने, तैलचित्रे आणि फोटो हे सारेच हाती लागते, आणि त्यांतली प्रत्येक वस्तू प्रसंगापासून वेगवेगळ्या अंतरावर उभी आहे.

प्रसंगाची तारीख म्हणजे नोंदीची तारीख नव्हे

सर्वांत जास्त घोळ येथेच होतो, म्हणून लोपेसचे उदाहरण जरा जवळून पाहू. १८४० मध्ये ब्यूनोस आयर्स येथे जन्मलेला हा माणूस युद्धापूर्वी फोटो काढण्याचा आणि व्यक्तिचित्रे रंगवण्याचा व्यवसाय करीत असे. सान निकोलास येथील स्वयंसेवकांच्या पलटणीत तो सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाला, आणि मोहिमेवर असताना छावण्या, नदीचे उतार, झाडांच्या रांगा, तळाची मांडणी अशी पेन्सिलीची रेखाटने व टिपणे करीत राहिला. २२ सप्टेंबर १८६६ रोजी पॅराग्वेच्या कुरुपायती येथील खंदकांवर दोस्त सैन्याने (म्हणजे ब्राझील, अर्जेंटिना व उरुग्वे यांच्या फौजांनी) समोरून हल्ला केला, त्यात तोफगोळ्याच्या ठिकरीने त्याच्या उजव्या हाताचा चेंदामेंदा झाला आणि तो हात कापावा लागला. पुढे त्याने डाव्या हाताला चित्र काढायला शिकवले, आणि १९०२ मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या काळात जुन्या टिपणांवरून पन्नासच्या आसपास युद्धचित्रे रंगवली.

म्हणजे आपल्यासमोर दोन थर आहेत. उजव्या हाताचे पेन्सिलीचे रेखाटन मोहिमेतले आहे, तर डाव्या हाताचे तैलचित्र घरी बसून, बऱ्याच वर्षांनी केलेले आहे. पहिल्या थरात नदीचे वळण किंवा तंबूंची रांग कोठे होती याची साक्ष मिळते; दुसऱ्या थरात त्या साक्षीवर आठवण, इतरांकडून ऐकलेली हकिकत आणि चित्राच्या रचनेची गरज यांची पुटे चढलेली असतात. ‘कुरुपायतीच्या लढाईनंतर’ या १८९३ च्या चित्रात पॅराग्वेचे सैनिक मृतांच्या अंगावरचे गणवेश उतरवताना दिसतात. हे दृश्य त्या लढाईत जिंकलेल्या पॅराग्वेच्या ताब्यातील जमिनीवरचे आहे, आणि त्या वेळी चित्रकार स्वतः घायाळ होऊन मागे नेला गेलेला होता. असे काही घडलेच नाही, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ इतकाच की या चित्रापुरता लोपेस प्रत्यक्षदर्शी नाही, आणि चित्राखालच्या ओळीत त्याला तसे म्हणू नये.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक चित्राखाली किंवा उताऱ्याखाली दोन साले लिहावीत : प्रसंगाचे आणि नोंदीचे. दुसरे साल सापडत नसेल, तर ‘जागेवर काढलेले’ हे शब्द तरी खोडून टाकावेत. मराठी वाचकाला हा भेद नवा वाटू नये. प्रसंगानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेली बखर आणि त्याच दिवशी धाडलेले पत्र यांना एका तराजूत घालू नये, म्हणून राजवाड्यांनी कधीच कान उपटले आहेत. आश्चर्य याचे वाटते की बखरीच्या बाबतीत सावध असणारे लोकही चित्र समोर आले की विरघळतात.

नजर जमिनीवर नसते

लोपेसची चित्रे रुंदीने उंचीच्या जवळजवळ तिप्पट आहेत आणि त्यांतली क्षितिजरेषा वर चढवलेली असते, त्यामुळे पाहणारा जणू उंच माळ्यावरून सारी छावणी पाहतो. माणसे मुंगीएवढी, चेहरे जवळजवळ नाहीतच. प्रत्यक्ष शिपायाला मात्र चिखल, धूर आणि पुढच्या माणसाची पाठ एवढेच दिसत असणार. तेव्हा ‘सैनिकाच्या डोळ्यांनी पाहिलेली लढाई’ हे शीर्षक या चित्रांना शोभत नाही. येथे सैनिकाची माहिती आहे, पण नजर आकाशातली आहे.

याला जोडूनच दोन चुका होतात. पहिली म्हणजे चित्र मोबाइलच्या पडद्यात बसावे म्हणून दोन्ही कडा कापणे. या चित्रांत छावणीचे रोजचे जगणे बहुधा कडांकडे पसरलेले असते, आणि आपण कापून टाकतो तेच. दुसरी म्हणजे या शैलीला ‘भाबडी’ म्हणून तिचे कारण डाव्या हातात शोधणे. युद्धापूर्वी शिकलेला, १८६२ मध्ये खुद्द अर्जेंटिनाचा नेता बार्तोलोमे मित्रे याचे व्यक्तिचित्र रंगवणारा हा व्यावसायिक चित्रकार होता. त्याने माणसे लहान ठेवली ती जमेना म्हणून नव्हे.

प्रमाणपत्र कोणाचे, तेही पाहावे

या मित्रेचे नाव पुन्हा येते ते अधिक महत्त्वाच्या ठिकाणी. १८८५ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये लोपेसची २९ चित्रे प्रदर्शित झाली. १८८७ मध्ये सरकारने ती विकत घ्यावीत यासाठी त्याने मित्रेकडे अभिप्राय मागितला, आणि चित्रणातील अचूकपणामुळे ही चित्रे ऐतिहासिक दस्तऐवजाच्या तोलाची आहेत, असा निर्वाळा मित्रेने दिला. हा निर्वाळा अनेक लेखांत शेवटचा शब्द म्हणून छापला जातो. पण मित्रे हा युद्धकाळातला अर्जेंटिनाचा राष्ट्राध्यक्ष आणि दोस्त सैन्याचा सरसेनापती होता. कुरुपायतीचा फसलेला हल्ला त्याच्याच सेनापतित्वाखाली झाला. त्याला रणभूमी ठाऊक होती, म्हणून त्याचा शब्द मोलाचा. ती लढाई तोच हरला होता, म्हणून तो शब्द तटस्थ नाही. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात सांगाव्यात.

रोजनिशी खासगीच असते, हा समज

लेओन दे पायेखा हा उरुग्वेच्या सैन्यातला, जन्माने स्पॅनिश असलेला कर्नल. त्याची रोजनिशी मोहिमेतच, दिवसागणिक लिहिलेली आहे, म्हणून ती प्रसंगाच्या अगदी निकट आहे. पण ती उशाखाली ठेवलेली वही नव्हती. तिच्या नोंदी उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओला जात आणि तेथील वर्तमानपत्रात छापल्या जात. आपले शब्द घरची मंडळी, राजकीय विरोधक आणि वरिष्ठही वाचणार, हे माहीत असलेला माणूस लिहितो तेव्हा मनमोकळेपणाही हिशेबातला असू शकतो. एखाद्या नोंदीत तो रागावला असेल, तर तो राग कोणाला ऐकू जावा म्हणून आहे, हे आधी विचारावे.

पत्रांचे आणि आठवणींचे तसेच. फ्रान्सिस्को सीबर या अर्जेंटिनी अधिकाऱ्याची १८६५-६६ ची पत्रे पुस्तकरूपाने आली ती १९०७ मध्ये. पॅराग्वेच्या बाजूने लढलेल्या हुआन क्रिसोस्तोमो सेंतुरिओनच्या आठवणी १८९४ पासून प्रसिद्ध झाल्या, आणि युद्धाच्या अखेरच्या काळात सान फेर्नांदो येथे देशद्रोहाच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यांत सरकारपक्षाचे काम त्याने केलेले असल्याने त्याला स्वतःच्या बचावाचेही काही सांगायचे होते.

आकड्यांच्या बाबतीत हा पक्षपात लगेच उघडा पडतो. पॅराग्वेच्या नोकरीत असलेला इंग्रज इंजिनिअर जॉर्ज टॉम्पसन १८६९ च्या आपल्या पुस्तकात कुरुपायतीला दोस्तांचे सुमारे ९,००० लोक मेले वा जखमी झाले असे सांगतो आणि पॅराग्वेची हानी अवघी ५४ देतो. दोस्तांच्या अधिकृत नोंदी आपली हानी सुमारे ४,००० दाखवतात. यांची सरासरी काढणे ही सगळ्यात वाईट युक्ती. दोन्ही आकडे आपापल्या धन्यासह छापावेत.

भाषांतरातले खड्डे

यंत्राकडून स्पॅनिशचे मराठी करून घेणाऱ्यांनी तीन शब्दांवर बोट ठेवावे. ‘दिआरिओ’ म्हणजे रोजनिशीही आणि दैनिकही. पायेखाच्या बाबतीत तर दोन्ही एकाच वाक्यात येऊ शकतात. ‘ओरिएन्ताल’ सैन्य म्हणजे पौर्वात्य सैन्य नव्हे, उरुग्वेचे सैन्य. आणि ‘लोपेस’ दिसला की तो चित्रकार कांदिदो आहे की पॅराग्वेचा राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को सोलानो लोपेस, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. चित्रकार ज्याच्याविरुद्ध लढला त्याच्याच नावावर त्याची चित्रे चढवलेली मी पाहिली आहेत.

सैनिक-चित्रकार आणि नुसता चित्रकार यांतही गल्लत होते. ब्राझीलच्या पेद्रो आमेरिकोने याच युद्धातल्या, डिसेंबर १८६८ मधल्या आवाईच्या लढाईचे प्रचंड चित्र १८७० च्या दशकात इटलीतील फ्लॉरेन्समध्ये रंगवले आणि त्यात एका सैनिकाला स्वतःचा चेहरा दिला. चित्रात चेहरा आहे म्हणून तो लढाईत होता असे समजणारे भेटतात. तो तेथे नव्हता.

पॅराग्वेच्या साध्या शिपायाच्या हातची रोजनिशी मात्र फारशी मिळत नाही, आणि ही पोकळी भरायला लोक ‘काबिचुई’ या १८६७-६८ च्या छावणीतील वर्तमानपत्राची लाकडी ठशांची चित्रे वापरतात. ती सैनिकांनीच कोरली, छपाईला रानटी वनस्पतीच्या धाग्यांचा कागद वापरला, मजकुरात तेथील लोकांची ग्वारानी भाषाही आहे, हे सारे खरे. पण हे सरकारी छत्राखाली निघणारे, शत्रूला हिणवणारे पत्र होते, ब्राझिलियनांना माकडे म्हणून रंगवणारे. त्यात शिपायाचे मन शोधताना सरकारला हवे तेच हाती येण्याची भीती असते.

फोटोला तरी निखळ पुरावा मानावे, असे वाटेल. १८६६ मध्ये माँटेव्हिडिओच्या बाते कंपनीच्या लोकांनी छावण्यांत फोटो काढले ते काचेच्या ओल्या प्लेटवर, काही सेकंद उघडी ठेवून. धावता माणूस त्यात उमटलाच नसता. १८ जुलै १८६६ रोजी बोकेरोनच्या लढाईत पायेखा मारला गेला. त्या दिवशी काय घडले हे त्याची रोजनिशी सांगू शकत नाही. जे आहे ते त्याच कंपनीच्या फोटोत, स्ट्रेचरवर त्याचा देह आणि तो धरून कॅमेऱ्यासाठी निश्चल उभे राहिलेले सैनिक. या फोटोखाली ‘कर्नल पायेखाचा मृत्यू’ असे लिहिण्याऐवजी ‘मृत्यूनंतर, छायाचित्रकाराने थांबवलेल्या सैनिकांसह’ असे लिहावे.