तंबाखू कंपन्यांचे घटक-अहवाल तपासताना या चुका टाळा

सिगारेटमध्ये काय घातलंय, किती आणि कशासाठी, हे कंपनीने सरकारला लिहून द्यायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचं कलम १० तेच सांगतं. अमेरिकेत ते २००९ च्या कायद्याने बंधनकारक झालं, आणि युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात त्याची तपशीलवार पद्धत घालून दिली. माझी बरीच वर्षं या अहवालांतले घटकांचे तक्ते वाचण्यात गेली. तपासायला नवा माणूस बसला की तो कुठे घसरणार, हे आता मला आधीच कळतं, आणि दरवेळी तितकाच त्रास होतो.

सगळ्यात महागात पडते ती नावाने शोधायची सवय. एका नव्या सहकाऱ्याला मेन्थॉल असलेल्या सिगारेटींची यादी करायला दिली होती. अर्ध्या तासात यादी तयार! त्याने ‘मेन्थॉल’ शब्द टाकून सर्च मारला आणि आलेल्या ओळी उचलल्या. यादी वर जायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की ज्या पाकिटाला उघडताच पुदिन्याचा वास येतो तेच यादीत नाही. तक्ता काढला तर तिथे लिहिलेलं होतं ‘पेपरमिंट तेल’. या तेलाचा मोठा हिस्सा मेन्थॉलच असतो. मग एकेक ओळ वाचायला बसलो. कुठे एल-मेन्थॉल, कुठे लांबलचक रासायनिक नाव, कुठे पुरवठादाराच्या व्यापारी नावाचं सुगंधी मिश्रण. एका उत्पादनात तर ते तंबाखूच्या भागात नव्हतंच, फिल्टरमधल्या कॅप्सूलमध्ये होतं. युरोपीय निर्देशात कागद, फिल्टर, शाई, कॅप्सूल आणि डिंकसुद्धा ‘घटक’च धरले आहेत, पण घाईत असलेला माणूस तंबाखूच्या ओळींखाली उतरतच नाही. रात्री उशिरापर्यंत बसून यादी नव्याने केली. कंपन्यांनी यातलं काहीच लपवलं नव्हतं, सगळं तक्त्यात होतं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून मी आधी सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रासायनिक पदार्थाला दिलेला आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक बघतो, नाव नंतर. एका पदार्थाचेही दोन-तीन क्रमांक निघतात: एल-मेन्थॉलचा २२१६-५१-५, एल आणि डी या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या रूपांच्या मिश्रणाचा ८९-७८-१. पेपरमिंट तेलाचा वेगळाच, ८००६-९०-४. हे सगळे एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवतो. क्रमांकाचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो. त्याच्या आधीचे अंक उजवीकडून १, २, ३ असे गुणत जायचं, बेरीज करायची, बेरजेतला एककाचा अंक जुळला पाहिजे. ग्लिसरॉलचा ५६-८१-५ घ्या: १, १६, १८, २० मिळून ५५, शेवटी ५. कुणी चुकून ५६-१८-५ टंकलं तर बेरीज ४८ येते आणि चूक पकडली जाते. संगणक हे करतो, मान्य. तरी नव्या माणसाने पहिले शंभर क्रमांक हाताने तपासावेत, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक साखरेची. प्रयोगशाळेत साखर कंपनीने दाखवलेल्या आकड्यापेक्षा जास्त निघाली की लगेच ‘खोटा अहवाल’ म्हणून नोटिशीचा मसुदा तयार होतो. असा एक मसुदा सहीला जाण्याआधी मी थांबवला आहे. व्हर्जिनिया आणि बर्ली हे तंबाखूच्या पानांचे दोन प्रकार. व्हर्जिनिया पानात मुळातच भरपूर साखर असते. बर्ली पान हवेवर वाळताना ती जवळजवळ संपते, म्हणून वरून घालतात. तक्त्यातला आकडा वरून घातलेल्या साखरेचा, प्रयोगशाळेचा एकूण साखरेचा. त्यामुळे आधी पानांचं मिश्रण वाचा, मग वजाबाकी करा. अशी एक चुकीची नोटीस गेली की पुढच्या दहा खऱ्या नोटिशींना कंपनीचे वकील तीच दाखवतात.

एककं तपासा. एका सिगारेटमध्ये तंबाखू एक ग्रॅमपेक्षा कमीच असतो, त्यामुळे ‘प्रति सिगारेट’ आणि ‘प्रति ग्रॅम’ हे आकडे जवळजवळ सारखे दिसतात आणि गल्लत डोळ्यांना टोचत नाही.

तक्त्यातली रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे; आकडा दिलेला नाही, एवढंच.

धुराचे आकडे आणि घटकांचे आकडे एकत्र वाचू नका. युरोपात एका सिगारेटच्या धुरात टार (चिकट काळसर अंश) १० मिलिग्रॅम, निकोटिन १ आणि कार्बन मोनॉक्साइड १० ही कमाल मर्यादा आहे, पण ती सिगारेट ओढणाऱ्या यंत्राने मोजलेली. यंत्र मिनिटाला एकदा ३५ मिलिलिटरचा झुरका घेतं आणि फिल्टरवरची हवेची छिद्रं उघडीच ठेवतं. ओढणाऱ्याची बोटं आणि ओठ ती झाकतात. कमी टारच्या आकड्यावरून आत काय मिसळलंय ते कळत नाही.

ब्रँडचं नाव तेच आहे म्हणून मागच्या वर्षीची तपासणी पुढे चिकटवू नका. पाककृती नावाखालून गुपचूप बदलते. अमेरिकी कायद्यात नवा पदार्थ मिसळायचा किंवा आधीच्याचं प्रमाण वाढवायचं तर सर्वसाधारणपणे ९० दिवस आधी कळवावं लागतं. मी दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून पट्टी लावून ओळी जुळवतो. वेळ जातो, जाऊ दे.

आणि शंका आली की कंपनीच्या माणसाला फोन लावायचा मोह होतो. दोन मिनिटांत उत्तर मिळतं आणि नोंद कुठेच राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कराराचं कलम ५.३ उद्योगाच्या हितसंबंधांपासून धोरणं वाचवायला सांगतं, ते याच टेबलावर लागू होतं. मी प्रश्न पत्राने विचारतो, उत्तराची मुदत त्यातच लिहितो, आणि आलेलं उत्तर त्या उत्पादनाच्या तक्त्यालाच टाचून ठेवतो.