लिनक्स ॲप दुसऱ्या मशीनवर उघडत नाही?

आपल्याकडे झकास चालणारं ॲप दुसरीकडे नेलं की ‘शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाइल) सापडली नाही’ म्हणून अडून बसतं. लायब्ऱ्या सोबतच द्या.

१. प्रोग्रामवर ‘एलडीडी’ कमांड चालवा. लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी मिळेल.
२. त्या लायब्ऱ्या प्रोग्रामशेजारी ‘लिब’ फोल्डरमध्ये कॉपी करा.
३. ‘पॅचएल्फ’ या टूलने प्रोग्रामचा आरपाथ (लायब्ऱ्या कुठे शोधायच्या तो पत्ता) ‘$ओरिजिन/लिब’ असा लावा (ओरिजिन म्हणजे ती फाइल जिथे आहे ते फोल्डर; ते इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, आणि सगळं एकेरी अवतरणात, नाहीतर शेल त्या डॉलरला गिळून टाकतं). कॉपी केलेल्या लायब्ऱ्यांनाही नुसतं ‘$ओरिजिन’ लावा. हे बहुतेकजण विसरतात, पण लायब्ऱ्यांनाही एकमेकींची गरज असते.

क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायचं टूलकिट) वापरत असाल तर त्याचे प्लगइन एलडीडीच्या यादीत दिसत नाहीत, कारण ते ॲप सुरू झाल्यावर लोड होतात. त्यांतलं ‘प्लॅटफॉर्म्स’ फोल्डर आठवणीने उचला.

जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) मात्र यादीत दिसली तरी सोबत देऊ नका. त्याऐवजी ज्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या आवृत्तीवर) ॲप चालायला हवं, तिथेच बिल्ड करा. नव्या जीलिबसीवर जुन्या जीलिबसीवरचं बिल्ड चालतं, उलटं सहसा नाही.