पिवळा मिळाला नाही, गोल्ड घेतला

मामांचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं दुकान. वेबसाइट करायची ठरली तेव्हा डोमेनचं, म्हणजे साइटचं नाव घ्यायचं, काम माझ्याकडं आलं, कारण विश्रामबागेत माझं डीटीपीचं दुकान आहे आणि मामांच्या लेखी कॉम्प्युटरमधलं सगळं मला येतं. डॉट कॉममध्ये हळदीची बरी नावं कधीच गेलेली. म्हटलं, रंगाचं एक्स्टेन्शन, म्हणजे डॉटच्या पुढचा शब्द, घेऊ.

"मग पिवळंच घे की रं."

पिवळं नाहीच. डॉट रेड, ब्लू, पिंक, ब्लॅक, ग्रीन आहेत, कुणालाही मिळतात. यलो आणि व्हाइट निघालेलेच नाहीत. डॉट ऑरेंज आहे, पण ते त्या नावाच्या फ्रेंच टेलिफोन कंपनीनं स्वतःपुरतं ठेवलंय. तासगावच्या बेदाण्याला ग्रीन शोभेल. आम्ही डॉट गोल्डवर आलो. हळदीला पिवळं सोनं म्हणतातच की.

आधी स्पेलिंग ठरवा. इंग्रजीत 'हळद' लिहिताना एकजण एल घालतो, दुसरा एलए. मी दुकानात आलेल्या चार गिऱ्हाइकांना नाव तोंडी सांगून कागदावर लिहायला लावलं. तिघांनी जे लिहिलं तेच घेतलं. मधे हायफन नको, फोनवर सांगताना जीव जातो.

मग रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, साइटवर नाव शोधायचं. समोर मोठ्या अक्षरात दिसतो तो पहिल्या वर्षाचा भाव. नूतनीकरणाचा भाव बारीक अक्षरात असतो आणि रंगांच्या एक्स्टेन्शनमध्ये तो कितीतरी जास्त असू शकतो. दरवर्षी भरायचा तोच आहे, तोच बघा. वर १८ टक्के जीएसटी. छोटं, गोड नाव 'प्रीमियम', म्हणजे जादा भावाचं, म्हणून दाखवलं तर सोडून द्या. हॉस्टिंग (साइट ठेवायची जागा), ईमेल वगैरेचे आपोआप टिक झालेले चौकोन काढा.

फॉर्मवर नाव मालकाचं, ईमेलही मालकाचाच. साइट बनवणाऱ्याचा नको, भले तो भाचा असो. इथंच मी चुकलो. मामांच्या नावानं त्या दिवशी नवा ईमेल काढला आणि परत उघडलाच नाही. पत्ता खरा आहे याची खात्री करायला रजिस्ट्रार लिंक पाठवतो. १५ दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन बंद ठेवतात. सोळाव्या दिवशी मामांचा फोन, "तुझी साइट कुठं गेली?" लिंक स्पॅममध्ये पडली होती. दाबल्यावर काही तासांत साइट परत आली, पण मामा अजून ऐकवतात.

पुढचं सोपं. हॉस्टिंगवाला आयपी पत्ता, म्हणजे साइट ठेवलेल्या कॉम्प्युटरचा नंबर, देतो. डीएनएस म्हणजे नाव आणि नंबर जोडणारी नोंदवही; तिच्यात ए रेकॉर्ड नावाच्या ओळीत तो नंबर घालायचा. नेमसर्व्हर (ही नोंदवही ठेवणारे कॉम्प्युटर) बदलले तर सगळीकडं दिसायला दोन दिवसही लागतात. तोवर उगाच सेटिंग उकरू नका. रजिस्ट्रार आवडला नाही तरी पहिले ६० दिवस डोमेन हलवता येत नाही.

बिलावर मात्र साधा जीमेलच ठेवलाय. डॉट गोल्डवरचा ईमेल काही जुने ऑनलाइन फॉर्म चुकीचा म्हणून परत करतात.

छापायला देताना जपा. मी पेंटरला नाव कागदावर लिहून दिलं होतं, तरी त्यानं टेम्पोवर डॉट गोल्ड रंगवून हाताच्या सवयीनं पुढं डॉट कॉमही ठोकलं. आता कुणालाही मजकूर देताना नावाच्या शेवटी लाल पेनानं उभी रेघ मारतो आणि लिहितो, 'इथं संपलं'.