किकॅडमध्ये सर्किट काढताना या चुका टाळा

महापे-रबाळेच्या एमआयडीसीत कंट्रोल कार्ड बनवणारे असोत की ठाण्यातले डिप्लोमाचे विद्यार्थी, किकॅड या सर्किट डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं सर्किट काढून ईआरसी (जोडण्यांमधल्या चुका शोधणारी तपासणी) चालवली की एररची लांबलचक यादी समोर येते. वैतागून त्या एक्स्क्लूड करू नका, म्हणजे यादीतून वगळू नका. मूळ कारणं बहुधा तीन-चारच असतात.

सगळ्यात आधी ग्रिड बघा. सिम्बॉलच्या (पार्टच्या चिन्हाच्या) पिना ५० मिलच्या, म्हणजे १.२७ मिमीच्या ग्रिडवर बसतात. मजकूर नीट लावायला ग्रिड बारीक केली आणि तशीच राहिली, की पुढची वायर पिनेला लागलेली दिसते, पण लागत नाही. झूम करा: पिनेच्या टोकाला बारीक गोल दिसत असेल, तर जोड झालेलाच नाही. ग्रिड ५० मिलवर आणा, सगळं सिलेक्ट करा आणि राइट क्लिक करून ‘अलाइन एलिमेंट्स टू ग्रिड’ द्या. पार्ट हलवताना ‘एम’ दाबला तर वायरी मागेच राहतात; ‘जी’ने त्या सोबत येतात.

‘इनपुट पॉवर पिन नॉट ड्रिव्हन’ या एररवर तर भलेभले अडतात. १२ व्होल्ट कनेक्टरमधून येतात, पण कनेक्टरची पिन ‘पॅसिव्ह’ असते, त्यामुळे सप्लाय कुठून येतो हे ईआरसीला कळत नाही. तिथे आणि ग्राउंडवर पीडब्ल्यूआर-फ्लॅग (सप्लाय इथून येतो हे ईआरसीला सांगणारी खूण) लावा. मध्ये फ्यूज किंवा डायोड असेल तर फ्लॅग त्याच्या पुढे, सर्किटच्या बाजूला हवा, कारण तिथून नेट (एकमेकांना जोडलेल्या पिनांचा गट) बदलतं. रेग्युलेटरच्या आउटपुटवर मात्र लावू नका. ती पिन आधीच ‘पॉवर आउटपुट’ असते, त्यामुळे दोन आउटपुट भिडल्याची नवी एरर येते.

रिकाम्या पिनेवर ‘क्यू’ दाबून फुली (ही पिन मुद्दाम मोकळी ठेवल्याची खूण) मारता येते. पण ७४एचसी१४ या इन्व्हर्टर आयसीच्या न वापरलेल्या इनपुटवर फुली मारून भागत नाही. एरर जाते, इनपुट तरंगतच राहतं आणि नॉइज पकडतं. ते ग्राउंडला बांधा.

काही चुका ईआरसीला बऱ्याचदा दिसतही नाहीत. दोन शीटवर ‘एसडीए’ (आय-टू-सीची डेटा लाइन) हे साधं लेबल लावलं तर ती दोन वेगळी नेट होतात. तिथे ग्लोबल किंवा हायरार्किकल लेबल हवं. टीएक्सला (डेटा पाठवणाऱ्या पिनेला) आरएक्सऐवजी (घेणाऱ्या पिनेऐवजी) टीएक्स जोडलं तरी मायक्रोकंट्रोलरच्या पिना बहुधा ‘बायडायरेक्शनल’ (इनपुट-आउटपुट दोन्ही) असल्यामुळे तक्रार येत नाही. म्हणून बोर्ड बनवायला देण्याआधी प्रिंट काढा आणि प्रत्येक कनेक्टरची एकेक पिन डेटाशीटशी ताडून पेनाने टिक करा.