किशोरवयीन मुलांच्या कुटुंबोपचारात या चुका टाळा

आत्महत्येचा विचार बोलून दाखवलेल्या मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांना दुसऱ्याच भेटीत ‘आता सगळे ठीक आहे’ हे ऐकायचे असते, आणि नवख्या समुपदेशकांनाही तेवढीच घाई असते. त्या घाईतली सर्वांत मोठी चूक मी स्वतः केली आहे.

दहावीतली एक मुलगी वडिलांशी कित्येक महिने बोलत नव्हती. तिसऱ्या भेटीतच मी दोघांना समोरासमोर बसवले. ‘आजी गेली तेव्हा तुम्ही मला रडूही दिले नाही,’ एवढे ती कसेबसे म्हणाली, तोच वडील उत्तरले, ‘पण क्लासची फी कोण भरतं?’ तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली आणि भेट संपेपर्यंत तोंड उघडले नाही. दोष वडिलांचा नव्हता, त्यांची तयारी करून न घेणाऱ्या माझा होता. अमेरिकेतील फिलाडेल्फियात मानसशास्त्रज्ञ गाय डायमंड आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या, पालक-मुलांच्या जिव्हाळ्यावर आधारलेल्या कुटुंबोपचारात पाच टप्पे आहेत आणि असा संवाद चौथ्यात येतो. आधी ‘इतके असह्य झाले तेव्हा तू आईबाबांकडे का गेली नाहीस?’ या प्रश्नापासून सुरुवात होते. मग मुलीशी आणि पालकांशी वेगवेगळे बोलणे होते. आता मी पालकांसमोर स्वतः मुलीच्या भूमिकेत बसतो आणि त्यांच्या प्रत्येक ‘पण’ला कागदावर रेघ मारतो, रेघा थांबल्याशिवाय मुलीला आत बोलावत नाही. ही पद्धत रामबाण मात्र नव्हे: १२९ मुलांच्या एका चाचणीत कुटुंबाचा सहभाग असलेल्या साध्या आधारपर उपचारानेही जवळजवळ तितकाच गुण आला होता.

दुसरी चूक म्हणजे ‘आईची शपथ घे, पुन्हा असे करणार नाहीस’ असे वदवून घेणे. शपथेमुळे मूल पुढच्या वेळी फक्त लपवायला शिकते. त्याऐवजी वाईट वेळेची चाहूल कशी लागते, तेव्हा काय करायचे आणि कोणाला हाक मारायची, हे मी त्याच्याच अक्षरात लिहून घेतो.

आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही भीती निराधार आहे. मुलाला एकट्याने न भेटता निष्कर्ष काढू नका. आत्या-मामांना फोन करून घरभर गवगवा करू नका. औषधे आणि शेतीची कीटकनाशके पहिल्याच दिवशी कुलपात ठेवायला सांगा, आणि किल्ली कोणाकडे राहील ते पालकांकडून तिथेच ठरवून घ्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मुलाच्या कागदावर तर हवाच, पण पालकांच्या मोबाइलमध्येही मी तो समोर बसून साठवायला लावतो.