जुनी छोटी गाडी घेताय? पेट्रोल की डिझेल हे असं ठरवा
जुनी गाडी बघायला निघालं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, अ‍ॅव्हरेज किती देते? माझं म्हणणं असं की तो प्रश्न जरा मागे ठेवा आणि आधी हे बघा की तुमची गाडी एकदा सेल्फ मारल्यावर सलग किती धावणार आहे. सकाळी तीन-चार किलोमीटर जाऊन बंद, संध्याकाळी परत तेवढंच, असं असेल तर जुनी डिझेल घेऊच नका, कितीही स्वस्तात मिळत असली तरी.

कारण सांगतो. डिझेल इंजिन गरम व्हायला वेळ घेतं, आणि थंड असताना काजळी जास्त करतं. ती काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) बसते, आणि डीपीएफवाली, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असलेली गाडी असेल तर त्या फिल्टरमध्ये साठते. फिल्टर स्वतःच ती जाळून टाकतो पण त्यासाठी आत साधारण ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि गाडी बराच वेळ बऱ्यापैकी स्पीडला सलग चालावी लागते. जाळायचं काम सुरू झालं आणि तेवढ्यात तुम्ही घरी पोचून चावी काढली, असं रोज होत राहिलं तर फिल्टर चोक होतोच, वरून बऱ्याच गाड्यांत त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिझेल बघायला गेलात की डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर ती गाडी बहुधा छोट्या फेऱ्यांवरच झिजलीय.

आता अ‍ॅव्हरेज. समजा पेट्रोल लिटरला १५ देते आणि डिझेल २०. वर्षाला ८,००० किमी फिरत असाल तर पेट्रोल लागेल ५३३ लिटर, डिझेल ४००, म्हणजे वाचले १३३ लिटर. वर्षाला २५,००० किमी असेल तर मात्र फरक ४१७ लिटरवर जातो. याला तुमच्याकडचे दोन्हीचे दर लावा आणि मग मेकॅनिकला विचारा की याच मॉडेलचे चार इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे), टर्बो, हाय प्रेशर पंप आणि क्लचबरोबर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) बदलायला किती लागतात. यातलं एक जरी काम निघालं तरी कमी फिरणाऱ्याची कित्येक वर्षांची बचत एका फटक्यात जाते. जुन्या साध्या पेट्रोलमध्ये प्लग, कॉइल, ऑक्सिजन सेन्सर अशीच कामं जास्त निघतात आणि ती कुठलाही बरा मेकॅनिक करतो.

पण पेट्रोल म्हटलं की साधीच असं धरून चालू नका हां. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनवाली छोटी पेट्रोल इंजिनं आहेत, त्यांनाही हाय प्रेशर पंप असतो, आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यावर कार्बन चढतो. जुन्यात घ्यायची तर बिनटर्बोची, साध्या इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारणारी बघा. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करवणारा पट्टा) असेल तर कधी बदलला त्याचं बिल मागा, नुसतं "बदललाय" यावर विश्वास नको.

रोज हायवेने लांब जाणं, गाडीत माणसं आणि सामान भरलेलं, अशांना मात्र डिझेल खरंच परवडते, कमी आरपीएमला ओढते मस्त. फक्त घेण्याआधी तुमच्या भागात जुन्या डिझेलवर काही बंधनं आहेत का ते बघा, आणि तपासणी नीट करा.

मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा, कारण खरं काय ते थंड स्टार्टलाच कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर हेड गॅस्केटची (इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) शंका घ्या. डिझेल बंद करताना गिअरबॉक्सकडून खडखड आली तर फ्लायव्हील गेलंय असं समजून चौकशी करा. डीपीएफवाल्या गाडीचा सायलेन्सर थंड असताना आत बोट फिरवून बघा, फिल्टर नीट असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं, काळंकुट्ट निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय. स्कॅनर लावून इंजेक्टर करेक्शन (प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल कॉम्प्युटरला किती कमीजास्त करावं लागतंय) आणि फिल्टरमधली काजळी किती तेही बघून घ्या. आणि दहा वर्षांची डिझेल अगदीच कमी किलोमीटर दाखवत असेल तर खूश होऊ नका, एकतर मीटर मागे केलाय नाहीतर ती जवळच्या जवळच फिरलीय, दोन्ही वाईटच.

डिझेल घेतलीच तर लगेच ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलून टाका, आणि डीपीएफ असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेलं कमी राखेचं ऑइलच घाला, कारण काजळी जळून जाते पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच बसून राहते.