ब्राँझचा पुतळा ओतून घेताय? गोव्याच्या खाऱ्या हवेत या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या एका गावातून अर्धपुतळा दुरुस्तीला आला. खांद्याच्या घडीत हिरवट डाग, कानामागे बारीक चीर. घडीत कानस फिरवली. वरचा पिवळा थर दोन घासांत गेला आणि खाली गुलाबी-तांबडा, स्पंजासारखा भुसभुशीत धातू लागला. नख रुतवलं तरी कण सुटत होते. बिलावर ‘ब्राँझ’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात ते पितळ होतं.

पितळेत जस्ताचं प्रमाण 15 टक्क्यांच्या वर गेलं की खारी, दमट हवा त्यातलं जस्त खाऊन टाकते आणि मागे तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो. देवघरातली समई पिढ्यानपिढ्या टिकते ती घरात असते म्हणून. चौथऱ्यावर, उघड्यावर तो हिशेब चालत नाही. पणजीत आदिलशहाच्या राजवाड्याशेजारी संमोहनविद्येचे अभ्यासक आबे फारियांचा पुतळा 1945 पासून मांडवीचा वारा झेलत उभा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामतांचं ते काम पाहायला मी आजही थांबतो. आपण आज ओततो तेही तेवढं टिकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पहिली चूक टाळा: ऑर्डरमध्ये नुसतं ‘ब्राँझ’ लिहू नका. ब्राँझ हे एकाच धातूचं नाव नाही, तांब्याच्या अनेक मिश्रधातूंना ते म्हणतात. टक्केवारी आकड्यांत लिहून घ्या. ओतारी ज्याला गनमेटल म्हणतात ते बहुतेक वेळा 85-5-5-5 असतं: तांबं 85, आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5. ते साच्यात छान वाहतं, बोटांच्या रेषाही उठतात. सिलिकॉन ब्राँझमध्ये सुमारे 95 टक्के तांबं, 4 टक्के सिलिकॉन आणि थोडं मँगनीज.

यातलं कुठलं घ्यायचं ते पुतळ्याच्या आकारावर ठरवा. अर्धपुतळा किंवा दोन-तीन तुकड्यांचं काम असेल तर गनमेटल उत्तम. पण पंधरा-वीस फुटांचा पुतळा म्हणजे अनेक तुकडे आणि कित्येक फूट वेल्डिंग. तिथे गनमेटलमधलं शिसं उष्णतेने घामासारखं बाहेर येतं, सांधा भुसभुशीत होतो, चिरतो. मोठ्या कामाला मी सिलिकॉन ब्राँझच सांगतो आणि वेल्डिंगची सळीही त्याच धातूची. सळी वेगळी असली की पॅटिना, म्हणजे रसायनांनी आणलेला रंगाचा थर, चढवल्यावर प्रत्येक सांधा पट्ट्यासारखा उठून दिसतो.

‘कथील जास्त म्हणजे धातू चांगला’ असा एक समज आपल्याकडे पक्का आहे, कारण काशाचं भांडं कुणाच्या घरी नव्हतं? काशात आणि घंटेच्या धातूत कथील 20 टक्क्यांच्या आसपास असतं. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या सुवर्णघंटेसारखा नाद हवा तर ते बरोबर आहे. पण असा धातू ठिसूळ. उंचावलेल्या हातात, तलवारीत तो वापरला तर उतरवताना एक धक्का पुरतो. पुतळ्याला कथील 10 टक्क्यांपर्यंत पुरे.

भंगार हा खरा घातक भाग. गनमेटलच्या मुशीत सिलिकॉन ब्राँझचे कोंब (ओतकामातून कापून काढलेले तुकडे) किंवा ॲल्युमिनियमचा एखादा नळ गेला, तर पृष्ठभागावर साय धरते आणि आतून गळका धातू निघतो. दोन धातूंना दोन मुशी ठेवा, कोंबांवर रंगाने खूण करा. जस्त तर 907 अंशांना उकळतं आणि आपण ओततो अकराशेच्या वर. भट्टीतून दाट पांढरा धूर निघतोय म्हणजे जस्त उडतंय, ठरलेली टक्केवारी हातातून जातेय. जस्त शेवटी टाका, मूस उगाच तापवत ठेवू नका आणि तो धूर छातीत घेऊ नका.

जुलैत ओतलेल्या कामात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली की लोक मिश्रधातूला दोष देतात. बहुतेकदा दोष ओलाव्याचा असतो. भंगार, पळी आणि साचा आधी नीट तापवून घ्या.

आतल्या सांगाड्याकडे तर कुणी बघतच नाही. साधं लोखंड ब्राँझला चिकटलं आणि मध्ये खारं पाणी आलं की लोखंड झपाट्याने गंजतं, फुगतं, ब्राँझला आतून फाडतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं तांबं ज्या लोखंडी पट्ट्यांवर बसवलं होतं त्या अशाच गंजल्या. 1980 च्या दशकात तिथे 316 एल स्टेनलेस स्टील घालावं लागलं. गोव्यातही 316 च मागा. 304 या दुसऱ्या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलला समुद्राची हवा टोचून भोकं पाडते. आत शिरलेलं पाणी निघायला तळाशी भोकंही ठेवून घ्या.

शेवटी, प्रत्येक ओतीतला बोटभर तुकडा नंबर घालून मागून घ्या. त्याची स्पेक्ट्रो तपासणी (धातूतली टक्केवारी मोजणारी) करा आणि रिपोर्टसोबत तो तुकडा पुतळा समितीच्या कपाटात ठेवा. त्या अर्धपुतळ्याच्या वेळी असा तुकडा कुणाकडेच नव्हता.